पुण्यात घडलेली ‘राजी’

आपल्याकडे व्हिडिओ गेम ही परदेशी करमणूक मानली गेली. म्हणूनच पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने घडवलेल्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ची मराठीत व्हावी तितकी दखल घेतली गेली नाही. २०१७ मध्ये ‘किकस्टार्टर’वरील लोकवर्गणी, म्हणजे निर्मितीआधीच चाहत्यांकडून निधी उभारण्याचा प्रयत्न, फसला, तरी काम थांबले नाही आणि २०२० मध्ये खेळ बाजारात आला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी राजी दुर्गेचे त्रिशूळ पेलते, भोवती राजस्थानी वास्तुशैलीचे महाल उभे राहतात आणि मधले कथाभाग छायाबाहुल्यांतून उलगडतात. पिंगुळी गावातील ठाकर कलावंतांनी चामड्याच्या बाहुल्यांतून जपलेल्या परंपरेशी जाणवणारे हे साम्य खरोखर मोलाचे आहे. २०२० मध्येच ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणासाठी या खेळाला नामांकन मिळाले.