नळीचें माप

तेरेखोल नदीच्या कांठचें बांदा हें गांव विजापूरकरांच्या अमदानींत आदिलाबाद या नांवानें ओळखलें जाई. पुढें तें सावंतवाडी संस्थानांत राहिलें. आजहि पत्रादेवी ओलांडली कीं गोव्याची हद्द लागते. अशा सीमेवरच्या गांवाला मद्याचा इतिहास पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं. मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा १८७८ सालीं झाला. त्याच वर्षीं इंग्रज व पोर्तुगीज यांचा तह होऊन दोन मुलखांमधील जकातीची भिंत पाडण्याचें ठरलें. तो तह १८९२ सालीं संपला. पुढें १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें ही सीमा पुन्हां ठळक केली. या सर्व खटाटोपांत सरकारचें लक्ष असे तें झाडांवर, भट्ट्यांवर आणि मद्याच्या तीव्रतेवर. भांडें व मद्य यांच्या मधली नळी ही मात्र कारागिराचीच बाब राहिली.

काजूची भट्टी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस या नळीचें महत्त्व सांगावयास नको. आंबलेला रस उकळतो, वाफ नळीवाटे दुसऱ्या भांड्याकडे जाते आणि थंड होऊन मद्य उतरतें. आग अति झाली, वाफेला निवण्यास अवसर मिळाला नाहीं, तर ती हवेंत उडून जाते आणि धन्याचे श्रमहि तिच्यासवें जातात. बिअरच्या पिंपाला लागणारी नळी निराळ्या कामाची खरी. परंतु उतावळेपणाला आवर घालणें हा तिचाहि धर्म आहे.

कायद्याची मुभा असेल तेथें कोणी हौशी गृहस्थ घरीं बिअरचें लहान पिंप बसवितो, तोटी फिरवितो आणि पेला नुसत्या फेसानें भरतो. तो बिअरला दोष देतो, वायूला देतो, तोटीला देतो. अपराधी बहुधा नळीच असते.

पूर्वीं हा प्रश्न नव्हता. लांकडी पिंप उंच बाकावर ठेवावें, तोटी उघडावी, पेला भरावा. पिंपें तळघरांत गेलीं तेव्हां बिअर वर आणण्याची युक्ति हवी झाली. जोसेफ ब्रामा या इंग्रज यंत्रकारानें १७९७ सालीं अशा पंपाचें पेटंट घेतलें. पुढें हाताच्या जागीं कार्बन डायऑक्साइड वायूचा दाब आला, आणि तेथूनच नळीचें माप हा शास्त्राचा विषय झाला. द्रवावर दाब जितका अधिक तितका वायु त्यांत अधिक विरतो, हा नियम मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यानें १८०३ सालीं मांडला होता. याचा उलट अर्थ असा कीं, दाब एकाएकीं सुटला तर विरलेला वायु एकाएकीं बाहेर पडतो. फेस म्हणजे दुसरें काय? म्हणून पिंपांतला दाब तोटीशीं एकदम न सुटतां वाटेंत, नळीच्या घर्षणांत, हळूहळू खर्ची पडला पाहिजे.

नळी किती दाब खाते? जर्मन अभियंता हागेन यानें १८३९ सालीं आणि फ्रेंच वैद्य प्वाझय यानें लगेच पुढील वर्षांत याचा शोध घेतला. प्वाझयला चिंता होती ती बारीक रक्तवाहिन्यांची, मद्याची नव्हे. त्यांच्या नियमाप्रमाणें लांबी दुप्पट केली तर प्रवाह निम्मा होतो. पण व्यास निम्मा केला तर तो एक षोडशांश उरतो.

हा नियम मात्र संथ प्रवाहाचा आहे. ऑस्बर्न रेनल्ड्झ यानें १८८३ सालीं काचेच्या नळींत रंगाचा धागा सोडून दाखविलें कीं, वेग वाढला म्हणजे तो धागा विस्कटतो आणि प्रवाह खळबळतो. तोटींतून अर्धा लिटर आठ-दहा सेकंदांत उतरणारी बिअर याच खळबळीच्या वर्गांतली. तेथें वेग दुप्पट झाला कीं अडथळा जवळजवळ चौपट होतो.

आतां हिशेब पाहूं. तीन-चार अंशांच्या थंडींत पिंपावर दर चौरस इंचास सुमारे १२ पौंड दाब ठेवितात. तोटी पिंपाच्या मध्यापासून दोन फूट उंच असली तर एक पौंड त्या चढणींत जातो, उरले ११. तीन षोडशांश इंच पोकळीची नळी फुटास दोन ते तीन पौंड खाते असें कोष्टकें सांगतात; म्हणजे साडेचार फूट पुरे. पाव इंचाची नळी फुटाला पौंडभरहि खात नाहीं. ती तेरा फूट तरी हवी. दूरच्या तोटीला ती ठीक. घरच्या कपाटांत ती अडचण.

पण अनुभवी लोक तीन षोडशांशाचीच नळी आठ-दहा फूट ठेवितात. कोष्टक खोटें काय? खोटें नव्हे, तें एका ठराविक वेगापुरतें खरें आहे. नळी लांबविली कीं वेग उतरतो आणि वेगासवें फुटागणिक अडथळाहि उतरतो. त्यामुळें लांबी दुप्पट केली तरी धार निम्मी होत नाहीं, सुमारें सात दशांश राहते. दहा सेकंदांचा पेला चौदा सेकंदांत भरेल, इतकेंच. चार सेकंदांच्या धीरानें पेला वांचत असेल तर हा सौदा महाग कोण म्हणेल? शिवाय लांब नळी कापतां येते. आंखूड नळी बदलावीच लागते.

आमच्या कोंकणच्या हवेंत एक गोष्ट अधिक सांभाळावयाची. नळी शीतकपाटाबाहेर लोंबत राहिली तर तिच्यांतली बिअर तापते, वायु सोडते आणि पहिला पेला फेसाचाच निघतो. म्हणून नळीचें वेटोळें पिंपासवें थंडींतच असावें. काजूच्या भट्टीवर नळी पार करून आलेल्या वाफेवर लक्ष ठेवणारा माणूस रेनल्ड्झचें नांव जाणत नाहीं. पण जें घाईनें सुटतें तें हातीं लागत नाहीं, हें त्याला कोणीं शिकवावें लागलें नाहीं.