कर्कश आणि कर्कशा



परवा भाजी निवडता निवडता एका शेजारणीबद्दल माझ्या तोंडून निघून गेलं, "कर्कशा आहे नुसती!" लेकीनं लगेच विचारलं, "आई, असं बोलणाऱ्या पुरुषाला काय म्हणायचं गं?" मला शब्दच सापडेना. दुपारी ग्रंथ काढून बसले.

संस्कृतात 'कर्कश' म्हणजे खरखरीत, टणक. मूळ शब्द स्पर्शाचा. आपल्याकडे नामकर्मात स्पर्शाचे आठ भेद सांगतात, त्यातही कर्कश आणि मृदू ही जोडी आहे. शिवाय तत्त्वार्थसूत्रात शब्द हा पुद्गलाचाच पर्याय. म्हणजे बोलणं हवेत विरत नाही, ते समोरच्याला लागतं.

साधारण दहाव्या शतकातल्या अमृतचंद्राचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' ग्रंथात असत्याचे चार प्रकार केले. चौथ्यात गर्हित, सावद्य आणि अप्रिय वचन येतं. चहाडी आणि टिंगल यांच्या पंगतीला कर्कश बोलणं आहे, ते गर्हित. भीती, खेद, वैर, कलह उपजवणारं ते अप्रिय. तेव्हा "मी खरं तेच बोलले" एवढ्यानं आपली सुटका नाही.

श्वेतांबर परंपरेतल्या दशवैकालिक सूत्राचा सातवा अध्याय वाक्यशुद्धीचा. साधूनं काण्याला काणा, चोराला चोरही म्हणू नये, असं त्यात आहे. स्त्रीला कोणत्या हलक्या शब्दांनी हाक मारू नये ते सांगितलंय, आणि पुरुषाला कोणत्या, तेही.

शास्त्रात दोष वचनाचा. मराठीत मात्र भोंगा कर्कश, आवाज कर्कश, आणि माणसाचं नाव झालं ते फक्त बाईचं: कर्कशा.

माझ्या माहेरी एका चुलत आत्याला सगळे हेच म्हणत. नवरा गेल्यावर तिनं दिरांकडे जमिनीतला वाटा मागितला, तोही चारचौघांत, मोठ्यानं. गोड बोलून वर्षानुवर्षं तिला टोलवणाऱ्यांना कुणी नाव ठेवलं नाही. लहानपणी मीही तिला त्याच नावानं चिडवलं होतं.

तिचं बोलणं टोचायचं, हे खरं. पण ती म्हणजे तिचं बोलणं नव्हे. आत्या आता नाही. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले तेव्हा आधी तिची क्षमा मागितली, मग शेजारणीची. लेक शेजारीच बसली होती.

मिच्छामि दुक्कडं.