मान काळी, जखम भरेना? आधी साखर तपासा. नुसत्या कारल्याच्या रसावर राहू नका

मानेवर काळपट पट्टा दिसला की घरात पहिलं बोलणं ठरलेलं असतं, "जरा घासून अंघोळ कर." मग लिंबू होतं, बेसन होतं, दगडाने घासणं होतं. पण हा काळेपणा पुष्कळदा मळ नसतोच. कातडी जाडसर, मखमलीसारखी झाली असेल आणि काखेत, जांघेतही तसंच दिसत असेल, तर शरीरात इन्शुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. म्हणजे मधुमेह झालेला असेल किंवा होण्याच्या वाटेवर असेल. घासून हा डाग जात नाही, उलट कातडी सोलते. वजन आणि साखर ताब्यात आली की तो हळूहळू फिका होतो.

शुगर ही शहरातल्या बसून खाणाऱ्यांची बीमारी, हा समज आता खरा राहिलेला नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. सुरुवातीला काही दुखत नाही, म्हणून अनेकांना पत्ताच लागत नाही. अशा वेळी कातडी आधी इशारा देते.

कातडीवर दिसणाऱ्या खुणा

- मान, काख, जांघ काळी आणि जाड होणे
- नायटा, गजकर्ण बरे होऊन पुन्हा पुन्हा येणे
- लघवीच्या जागी सतत खाज, पांढरेपणा
- करट, केसतूड वारंवार उठणे
- पाय कोरडे पडणे, भेगा, मुंग्या, बधिरपणा
- साधी जखम दोन आठवड्यांतही न भरणे

रक्तात साखर जास्त राहिली की बुरशी आणि जंतूंना आयतं खाद्य मिळतं, शरीराची त्यांच्याशी लढायची ताकदही कमी होते. बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. त्यामुळे पायाला रक्त कमी पोचतं आणि काटा टोचला तरी कळत नाही.

नायट्यावर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ट्यूब आणायची सवय सगळीकडे आहे. यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस खाज थांबते, मग नायटा दुपटीने पसरतो. पुन्हा पुन्हा नायटा येत असेल तर ट्यूब बदलण्याआधी साखर तपासावी.

आकडे कसे वाचायचे

उपाशीपोटी साखर १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा जास्त आली तर मधुमेहाची शक्यता, पण एकदा पुन्हा तपासून खात्री करतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ६.५ किंवा त्यापुढे आली तरी मधुमेह धरतात. ५.७ ते ६.४ हा उंबरठा.

उंबरठ्यावरच्या माणसाला खाणं, चालणं आणि वजन यांवरच बरंच काही साधता येतं. खरा फायदा तिथेच आहे.

ताटात काय बदलायचं

चहापासून सुरुवात करावी. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे. सुमारे ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत असणं चांगलं. गूळ घातला म्हणून सुटका नाही. गुळातही बहुतेक साखरच असते. मधाचंही तेच.

ज्वारी-बाजरीची भाकरी पांढऱ्या भातापेक्षा आणि मैद्यापेक्षा बरी, कारण तिच्यात चोथा जास्त असतो. पण एका वेळी तीन-चार भाकरी खाल्ल्या तर ज्वारी असली तरी साखर वाढणारच. भाकरी एक कमी आणि मटकी-हरभऱ्याची उसळ, पालेभाजी, काकडी जास्त, असं ताट करावं. आधी भाजी-उसळ आणि मग भाकरी-भात खाल्ला तर साखर सावकाश चढते. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणंही उपयोगी.

उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा. अशा दिवशी साखर एकदम वर जाते. आणि गोळी घेऊन पूर्ण उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरते. गोळी चालू असणाऱ्याने उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

तरुण पोरांच्या तोंडावरच्या मुरुमांचाही गोड आणि मैद्याशी काही अंशी संबंध आढळला आहे. बिस्किट, कोल्ड्रिंक, वडापाव कमी केले तर काहींना फरक पडतो. लिंबू चोळून उन्हात जाऊ नये, कातडी भाजल्यासारखी होते.

झाडपाल्याचं खरं-खोटं

मेथीदाण्यातला चोथा अन्नातली साखर सावकाश सोडतो. त्यामुळे मेथीने साखर थोडी कमी होऊ शकते. कारल्याची भाजीही चांगली. जांभळाच्या बियांच्या चूर्णाचा पुरावा मात्र तोकडा आहे. ही सगळी जोडीला चालतात, गोळीच्या जागी चालत नाहीत.

"झाडपाल्याचं आहे, अपाय नाही," हे बोलणं फसवं आहे. कडू निघालेल्या दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. दुधीचा तुकडा चाखून कडू लागला तर रस काय, भाजीही करू नये. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तरी रोज काढा घेणाऱ्याने ते डॉक्टरांना सांगितलेलं बरं.

मेटफॉर्मिन या गोळीचं मूळही युरोपातल्या एका वनस्पतीतच आहे. फरक एवढाच, की गोळीत मात्रा मोजलेली असते. रसात आज किती गेलं, उद्या किती, याचा हिशेब नसतो.

ज्यांना, विशेषतः लहान मुलांना आणि तरुणांना, इन्शुलिन चालू आहे, त्यांनी कुणाच्याही सांगण्यावरून ते बंद करू नये. थोड्याच दिवसांत जिवावर बेततं.

पायाची जखम

साखर असलेल्या माणसाचा पाय बहुतेक वेळा छोट्या जखमेतून जातो. रात्री पाणी धरायला अनवाणी जाणं, पावसाळ्यात बोटांमधल्या चिखल्या अंगावर काढणं, कुरूप ब्लेडने कापणं, इथून सुरुवात होते.

- भेगेवर बिब्बा घालू नये. बिब्ब्याने कातडी भाजते आणि बधिर पायाला ते कळत नाही.
- जखमेवर चुना, तंबाखू, शेण, राख लावू नये. स्वच्छ पाण्याने धुवून कोरडी पट्टी बांधावी आणि दवाखाना गाठावा.
- गरम विटेने, गरम पाण्याने पाय शेकू नये.
- रोज रात्री तळवे बघावेत. दिसत नसेल तर आरसा धरावा किंवा घरातल्याला बघायला सांगावं.
- काळेपणा, वास, सूज किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात जावं.

साखर उतरली तर

घाम, थरथर, धडधड, डोळ्यापुढे अंधारी आली तर साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते. गोळीबरोबर रस-काढा घेऊन जेवण टाळलं की असं होतं. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, मग जेवण. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा.

तपासणी कुठे

३० वर्षांवरील सगळ्यांची साखर आणि बीपी उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत तपासतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्याही मोफत मिळतात. आशाताईंना वार विचारून घ्यावा. उपाशीपोटी तपासणी असेल तर घरातून चहाही न पिता निघावं आणि चालू असलेल्या गोळ्या, काढे, चूर्ण सगळं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावं.