अर्ध्या इंचाचा नळ



सकाळीं तोटी फिरवितांच पाणी येतें, याचें नाशिककरांस आतां नवल वाटत नाहीं. त्या पाण्यामागें गंगापूरचें धरण उभें आहे, हें शाळेंतल्या मुलासही ठाऊक असतें. धरण डोळ्यांना दिसतें. त्याचें नांव भूगोलाच्या पुस्तकांत येतें. परंतु धरण आणि घागर यांची गांठ घालून देणारा नळ भिंतीच्या पोटांत दडलेला असतो, आणि त्याचा इतिहासही तेथेंच दडून राहतो. आज तो थोडक्यांत सांगावयाचा आहे.

पाणी दूरवरून आणण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. मलिक अंबरानें सतराव्या शतकांत खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, नहरीचें पाणी खेळविलें. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजचें पाणी बांधीव नळानें पुण्याच्या हौदांपर्यंत पोंचविलें. हीं कामें थोर खरीं. पण हौदापासून पुढें पाणी घागरीनेंच घरांत जाई. माडीवरच्या मोरींत तें चढवावयाचें, तर दाब सोसणारी धातूची नळी हवी, आणि ती स्वस्तही हवी.

अशी नळी प्रथम लागली ती पाण्यासाठीं नव्हे, दिव्यांसाठीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत कोळशाच्या वायूचे दिवे आले, तेव्हां वायु वाहून नेण्यास जुन्या बंदुकांच्या नळ्या एकापुढें एक जोडून वापरीत. बंदुकीच्या नळीस इंग्रजींत बॅरल म्हणतात. आपल्या दुकानांतला ‘बॅरल निपल’ हा शब्द त्याच वंशांतला. १८२५ सालीं कॉर्नेलियस व्हाइटहाउस यानें नवी युक्ति काढली. लोखंडाची लांब पट्टी भट्टींत खूप तापवून गोल छिद्राच्या सांच्यांतून ओढली, म्हणजे तिच्या दोन कडा एकमेकींस भिडून तेथल्या तेथें सांधल्या जात. नळी स्वस्त झाली. मुंबईच्या रस्त्यांवर वायूचे दिवे १८६५ सालीं लागले. पुढें १८८५ च्या सुमारास जर्मनींतील मानेसमान बंधूंनीं तप्त पोलादी दांडा तिरकस रुळांमध्यें फिरवून त्यासच आरपार पोकळ करण्याची रीत शोधिली, आणि बिनसांध्याची नळी जन्मास आली.

मोठ्या नळांचें घराणें मात्र निराळें. ब्रह्मगिरीच्या डोंगरांतून आपली गोदावरी पूर्वेस निघते, तर वैतरणा पश्चिमेस वळते. त्या वैतरणेचें पाणी १९५७ सालीं पुऱ्या झालेल्या मोडकसागरांतून पोलादी वाहिन्यांनीं मुंबईस जातें. माणूस आंत ताठ उभा राहील एवढ्या या वाहिन्या पत्रे वाकवून घडवितात. त्यांस आटे नसतात. आट्यांचें राज्य सुरू होतें तें घराच्या उंबरठ्यापाशीं.

आतां एक कोडें. अर्ध्या इंचाच्या नळावर पट्टी धरून पाहा. अर्धा इंच कोठेंच सांपडत नाहीं. बाहेरचा व्यास सुमारें २१.३ मिलिमीटर, आणि मध्यम जाडीच्या नळाची आंतील पोकळी सुमारें १६. अर्धा इंच म्हणजे तर १२.७ मिलिमीटर! हें नांव खोटें नव्हे, जुनें आहे. पूर्वीं नळीची भिंत जाड असे व पोकळी अर्ध्या इंचाच्या जवळपास असे. पुढें धातु सुधारली आणि भिंत पातळ करतां आली. परंतु आटे पडतात बाहेरच्या अंगास. बाहेरचें माप बदललें असतें, तर सारे डाय, सॉकेट आणि एल्बो निकामी झाले असते. म्हणून बाहेरचें माप कायम ठेवून आंतली पोकळी वाढूं दिली.

हे आटे सर्वत्र सारखे असणें, हेंही आपोआप घडलेलें नाहीं. पूर्वीं प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटास बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थ यानें अनेक कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ सालीं ५५ अंशांच्या कोनाचे एकविध आटे सुचविले. आपलेंच माप त्यानें इतरांवर लादलें नाहीं. सर्वांच्या मापांतून एक माप काढलें. तोच कोन नळासही मिळाला. अर्ध्या इंची नळास एका इंचांत १४ आटे, एक इंचीस ११. अमेरिकेनें ६० अंशांचा कोन धरला. म्हणून तेथील अर्ध्या इंची नळास १४च आटे असूनही आपल्या सॉकेटांत तो धड बसत नाहीं.

नळाच्या टोकाचे आटे किंचित् निमुळते असतात, सोळा इंचांस एक इंच या प्रमाणांत. त्यामुळें फिरवावा तसा सांधा आवळत जातो. कारागिराचें कसब येथें लागतें. कटरच्या चाकानें नळ कापला, कीं आंतल्या बाजूस धातूची कड वळते. ती काढली नाहीं, तर पोकळी अरुंद राहते व गाळ तेथेंच धरतो. डाय फिरवितांना तेल घालावें, थोडें पुढें जाऊन किंचित् मागें यावें, म्हणजे कीस तुटून पडतो. अर्ध्या इंची नळाच्या आट्यांची खोली सुमारें १.१६ मिलिमीटर असते. हलक्या नळाची भिंतच २ मिलिमीटरांची. निम्म्याहून अधिक जाडी आट्यांतच गेली! वरचा जस्ताचा थरही तेथें कापला जातो. म्हणूनच जुना नळ बहुधा सांध्याशीं प्रथम गंजतो. गृहस्थांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: पिवळा पट्टा हलक्या नळाचा, निळा मध्यमाचा, तांबडा जाडाचा.

१ ऑक्टोबर १९५८ पासून आपल्या देशांत दशमान मापें येऊं लागलीं आणि अर्ध्या इंची नळ कागदोपत्रीं १५ मिलिमीटरांचा झाला. परंतु भारतीय मानकानें आटे तेच ठेवले. ही दूरदृष्टि होय. त्यामुळेंच जुन्या वाड्यांतल्या नळास आज विकत घेतलेली तोटी बसते. आतां घरोघर प्लॅस्टिकचे नळ आले, तरी तोटीपाशीं आटे तेच आहेत. ज्यांनीं एकमेकांस कधीं पाहिलें नाहीं, अशा कारागिरांचीं कामें त्या एका मापावर जुळतात.

धरण बांधणारांचीं नांवें शिलालेखावर राहतात; आटे पाडणाऱ्याचें काम गिलाव्याखालीं जातें. तें चांगलें कीं वाईट, हें पुष्कळदां दहा वर्षांनीं ओल आलेली भिंतच सांगते, आणि तोंवर धरणांतलें किती पाणी वायां गेलें याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. तेव्हां घरांत नळाचें काम निघेल, तेव्हां गिलाव्याची घाई करूं नये. आधीं नळांत पाणी भरून दाब द्यावा, प्रत्येक सांधा कोरड्या हातानें चाचपून पाहावा, आणि ज्यानें तो नीट बसविला त्यास त्याच्या कामाचें मोल घासाघीस न करतां द्यावें.