तीन वस्त्या, तीन कागद

आमच्या गोंदिया जिल्ह्यात पाकिस्तानातून आलेल्यांची नातवंडं राहतात, असं पुण्या-मुंबईच्या मित्रांना सांगितलं की ते जरा दचकतात. त्यातही एका नव्हे, दोन्ही पाकिस्तानांतून आलेल्यांची. गोंदिया शहरातली सिंधी कॉलनी ही पश्चिम पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेल्यांची. अर्जुनी मोरगाव तालुक्यातली अरुणनगर, गौरनगर, पुष्पनगर ही गावं पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून आलेल्या बंगाली कुटुंबांची. आणि त्याच तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला, १९७२ साली वसलेली नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. गावाकडे तिला सगळे 'तिबेटी कॅम्प' म्हणतात.

तिन्ही वस्त्या निर्वासितांच्या. तिन्ही जण घरदार टाकून आले. आज मात्र तिघांची परिस्थिती अगदी वेगवेगळी आहे. सिंधी माणूस शहराच्या बाजारपेठेत पाय रोवून आहे: किराणा, कापड, ठोक व्यापार. बंगाली माणूस बहुतेक धानाच्या बांधीत आणि तलावाच्या काठावर आहे, आणि तरुण पोरं कामासाठी बाहेर. तिबेटी माणूस थोडी शेती, हिवाळ्यात स्वेटरचा धंदा, आणि शिकलेली मुलं बंगळुरू, दिल्ली किंवा थेट परदेशात.

असं का झालं, याचं उत्तर आमच्याकडे चहाच्या टपरीवर तयार असतं. 'सिंध्याच्या रक्तातच धंदा', 'बंगाली आपलं मासे-भातात खूश', 'तिबेट्यांना काय, फॉरेनचा पैसा'. तीन समाज, तीन वाक्यं, विषय संपला. मला हे उत्तर पटत नाही. माझ्या मते या तीन वस्त्यांमधला फरक समजायचा तर रक्त बघण्याआधी कागद बघावेत. कोणाला येताना कोणता कागद मिळाला आणि कोणाला नाही, यात बरीचशी गोष्ट दडलेली आहे.

इथले आधीचे कोण?

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 'बाहेरून आलेले' हा शब्द आमच्या जिल्ह्यात जपूनच वापरावा लागतो. जिल्ह्यात मोठ्या संख्येने असलेले पोवार आपलं मूळ माळव्यात, धारकडे सांगतात. ज्या कोहळी समाजाने या भागात तलाव खोदले, त्यांच्याही कथा उत्तरेतून, काशीकडून आल्याच्या आहेत. रेल्वेचं जंक्शन झाल्यावर गुजराती, मारवाडी, कच्छी व्यापारी आले आणि तेंदूपत्ता, बिडी, राईस मिल यांचा धंदा उभा राहिला. गोंड मात्र आज देवरी, सालेकसा, अर्जुनीच्या जंगलपट्ट्यात सापडतात, आणि बाजारपेठेत त्यांची दुकानं शोधावी लागतात. म्हणजे आधी येण्याने माणूस वर जातो असंही नाही.

सिंधी: भरपाईचा कागद

फाळणीत पंजाब आणि बंगाल दुभंगले. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे पंजाबी निर्वासिताला निदान भारतातला पंजाब होता, सिंध्याला भारतात स्वतःचा एक जिल्हाही उरला नाही. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि उरलेसुरले हिंदूही बोटींत बसले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उल्हासनगर वसलं, नागपुरात जरीपटका वाढलं, आणि रेल्वेच्या वाटेवरच्या गावागावांत सिंधी कॉलन्या झाल्या. गोंदियाची त्यातलीच.

या लोकांनी फार हाल काढले, यात शंका नाही. पण त्यांच्यासाठी सरकारने एक रस्ता बांधला होता. १९५० साली विस्थापितांच्या दाव्यांचा कायदा झाला: सिंध-पंजाबात मागे काय सोडलं ते सांगा, आम्ही तपासून किंमत ठरवू. १९५४ साली भरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा आला. भारतातून पाकिस्तानात गेलेल्या मुस्लिमांची मागे राहिलेली मालमत्ता आणि सरकारचा पैसा मिळून एक निधी झाला आणि त्यातून दावे फेडले गेले. पूर्ण रक्कम कोणालाच मिळाली नाही, मोठ्या दाव्याला तर प्रमाणाने कमीच. ज्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं त्याच्या हाती फारसं आलंही नाही. तरी एका समाजाकडे, एकाच दशकात, थोडं भांडवल आणि डोक्यावर छप्पर आलं. शिवाय ते आले शहरात, रेल्वे स्टेशनच्या जवळ, आणि येताना हिशेब, उधारी, ठोक भावाचं ज्ञान घेऊन आले. नागरिकत्वाबद्दल तर प्रश्नच नव्हता. १९ जुलै १९४८ च्या आधी आलेल्यांची सोय राज्यघटनेच्या सहाव्या कलमातच आहे.

बंगाली: न मिळालेले कागद

आता पूर्व पाकिस्तानाकडे या. तिकडून पहिल्यांदा निघाले ते बहुतांशी उच्चवर्णीय, शिकलेले, कोलकात्यात नातेवाईक असलेले. नमःशूद्र शेतकरी मागे राहिला, कारण त्याच्याकडे होती ती फक्त जमीन, आणि जमीन उचलून नेता येत नाही. तो निघाला १९५० च्या दंगलींनंतर, आणि मोठ्या संख्येने १९६४ च्या दंगलींनंतर. तोवर पश्चिम बंगाल सरकारने हात वर केले होते: आता जागा नाही. केंद्राने १९५८ पासून दंडकारण्य प्रकल्प सुरू केलेला होता. रायपूरजवळ माना इथे मोठी छावणी उघडली. तिथून ही माणसं बस्तर, मलकानगिरी, आणि आपल्याकडे जुन्या चांदा आणि भंडारा जिल्ह्यांत पाठवली गेली. अर्जुनी मोरगावची बंगाली गावं ही त्याच वाटेची मुक्कामाची ठिकाणं.

या लोकांना सिंध्यांसारखी भरपाई मिळाली नाही. त्यामागे एक करार आहे. ८ एप्रिल १९५० रोजी दिल्लीत नेहरू आणि लियाकत अली खान यांनी सही केली. दोन्ही बंगालमधल्या अल्पसंख्याकांनी परत जावं, त्यांचा मालमत्तेवरचा हक्क कायम राहील, असं ठरलं. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की पूर्व बंगालच्या निर्वासिताची जमीन कागदावर 'त्याचीच' राहिली, आणि जी जमीन तुमचीच आहे तिची भरपाई कशी मागणार? पुढे १९६५ च्या युद्धात पाकिस्तानने अशा जमिनी 'शत्रूची मालमत्ता' म्हणून ताब्यात घ्यायला सुरुवात केली. म्हणजे तिकडची जमीन गेली आणि इकडचा दावाही उभा राहिला नाही.

दुसरा न मिळालेला कागद जातीचा. नमःशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहेत. पण अनुसूचित जातींच्या याद्या राज्यवार असतात, आणि महाराष्ट्राच्या यादीत नमःशूद्र नाहीत. सरकारने ज्याला स्वतःच्या सोयीसाठी बंगालबाहेर पाठवलं, त्याची जात हद्दीवरच गळून पडली. शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा, सगळं तिथेच थांबलं.

इथे इतिहास एक विचित्र वळण घेतो. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मुंबई प्रांतातून संविधान सभेवर जाता आलं नाही. त्यांना निवडून पाठवलं ते बंगालच्या विधानसभेने, आणि त्यासाठी धावपळ केली जोगेंद्रनाथ मंडल या नमःशूद्र नेत्याने. फाळणीमुळे ती जागा गेली, मग बाबासाहेब मुंबईतून परत निवडून आले. पुढे १९५४ साली ते भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. ज्या समाजाच्या नेत्याने बाबासाहेबांना संविधान सभेत नेलं, त्या समाजाची मुलं आज बाबासाहेबांच्या राज्यात, बाबासाहेब लढले त्याच भूमीत, संविधानाने दिलेल्या सवलतीबाहेर आहेत.

जमीन मिळाली, हे खरं. काही एकर, बहुतेक जंगल तोडून केलेली. पण अशा जमिनी वर्षानुवर्षं सातबाऱ्यावर भोगवटदार वर्ग-२ म्हणून राहिल्या. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको: विकायची तर सरकारची परवानगी, गहाण ठेवायची तर अडचण. सिंधी दुकानदार दुकान तारण ठेवून धंदा वाढवू शकला. बंगाली शेतकऱ्याकडे जमीन होती, पण तिच्या बळावर पुढची उडी मारता आली नाही.

तिबेटी: दर काही वर्षांनी नवा करायचा कागद

नोरग्येलिंगची गोष्ट उलटी आहे. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यामागून हजारो तिबेटी आले. नेहरूंनी त्यांच्यासाठी वेगळ्या वसाहती आणि वेगळ्या शाळा दिल्या. तिबेटी मुलांच्या शाळांसाठी केंद्राची स्वतंत्र संस्था १९६१ सालीच सुरू झाली. वसाहतीचा अधिकारी धर्मशाळेहून नेमलेला, सहकारी सोसायटी, दवाखाना, मठ. परदेशातून मदत आली हेही खरं. एका छोट्या समाजाला एवढ्या संस्था मिळाल्या की त्याचा पाया पक्का होतो.

फक्त एक गोष्ट मिळाली नाही: देश. तिबेटी माणूस भारतात कायद्याने परदेशीच. त्याच्या खिशात नोंदणी प्रमाणपत्र असतं, ते ठरावीक मुदतीने नवं करावं लागतं. वसाहतीची जमीन कसायला आहे, मालकीची नाही. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ च्या दरम्यान भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानेच भारतीय ठरतात, असं दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं. पण त्यानंतर जन्मलेल्या पोरांचं काय? १९८७ नंतर आईवडिलांपैकी कोणी भारतीय असेल तरच हक्क. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान आहेत, तिबेट नाही. शिकलेला तिबेटी तरुण सरकारी नोकरीच्या रांगेत उभा राहू शकत नाही, म्हणून तो विमानाच्या रांगेत उभा राहतो. टपरीवर त्याला 'फॉरेनची हौस' म्हणतात.

जगात ताडून बघू

हे फक्त आमच्या जिल्ह्याचं खास प्रकरण आहे का? नाही. अमेरिकेतले नॉर्वे-स्वीडनहून गेलेल्यांचे वंशज आणि पाकिस्तानी वंशाचे लोक घ्या. कोण वर, कोण खाली, याची तुलना लोक आवडीने करतात आणि उत्तर 'संस्कृती'त शोधतात.

एकोणिसाव्या शतकात नॉर्वे गरीब होता. खडकाळ जमीन, भावाभावांत वाटण्या. आठ लाखांहून जास्त माणसं अमेरिकेला गेली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने नागरिक होण्याची नुसती इच्छा नोंदवणाऱ्यालाही १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळत होती. पाच वर्षं राहा, कसा, मालक व्हा. आपल्या भाषेत सांगायचं तर थेट वर्ग-१. त्यांच्या आजच्या सुस्थितीची मुळं या कायद्यातही आहेत. ती जमीन डकोटा आणि इतर मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती, हे आमच्या गोंडांचा इतिहास माहीत असलेल्यांना लगेच ओळखू येईल.

आणि पाकिस्तानी? १९६५ मध्ये अमेरिकेने शिकलेल्या आशियाई लोकांना दार उघडलं, तेव्हा लाहोर-कराचीचे डॉक्टर, इंजिनिअर गेले. तिथे पाकिस्तानी कुटुंबाचं मधलं उत्पन्न देशाच्या मधल्या उत्पन्नापेक्षा वरचं आहे. त्याच काळात मीरपूर भागात मंगला धरण झालं, गावं बुडाली, आणि तिथले शेतकरी ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्डच्या कापड गिरण्यांत रात्रपाळीला लागले. पुढे गिरण्या बंद पडल्या. ब्रिटनमधले पाकिस्तानी आजही तिथल्या गरीब समाजांत मोजले जातात. देश एक, धर्म एक, जेवण एक. निघताना हातात काय होतं आणि समोर कोणतं दार उघडलं, ते वेगळं.

मग मेहनतीचं काय?

मेहनत, हुन्नर, समाजाची एकी यांना काहीच किंमत नाही, असं मी म्हणत नाही. सिंध्यांचं व्यापारी ज्ञान खरं होतं, तिबेट्यांची संघटना खरी आहे. आणि पाण्यात पाय रोवून धान लावणाऱ्या बंगाली बाईची मेहनत कुठे कमी आहे? मेहनत तिन्ही वस्त्यांत सारखीच दिसते. तिचं भांडवलात रूपांतर कोणाला करता आलं, एवढाच फरक आहे. प्रत्येक समाजाच्या आतही फरक आहेतच: हातगाडीवाला सिंधी आहे, मास्तर झालेला बंगाली आहे.

'आम्ही इथलेच, आम्हाला कोणी काय दिलं?' असं गोंड किंवा ढिवर माणूस विचारतो, तेव्हा त्याचाही प्रश्न रास्त असतो. वनहक्काचा पट्टा आणि तलावाचा ठेका हे त्याचे कागद, आणि त्यासाठी तोही तहसीलच्या पायऱ्या झिजवतो आहे. त्याची आणि बंगाली शेतकऱ्याची भांडणं लावून देणं राजकारण्यांना सोपं जातं, कारण दोघांचेही कागद अर्धवट आहेत.

रक्त बदलता येत नाही, म्हणून रक्ताचं उत्तर सरकारला सोयीचं असतं. कागद बदलता येतो. नमःशूद्रांना यादीत घेणं संसदेच्या हातात आहे. वर्ग-२ ची जमीन वर्ग-१ करणं राज्याच्या हातात आहे. इथेच जन्मलेल्या तिबेटी मुलाला नागरिक मानायचं की नाही, हे केंद्राच्या हातात आहे. पुढच्या वेळी टपरीवर कोणी 'त्यांच्या रक्तातच आहे' म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: त्यांच्या सातबाऱ्यावर काय आहे?