बंदर नव्हे, दार

नवी मुंबईकराला 'पोर्ट' म्हटले की न्हावा-शेवा आठवते. लॅटिनमध्ये मात्र 'पोर्टुस' म्हणजे बंदर आणि 'पोर्टा' म्हणजे दरवाजा. संगणकाचा पोर्ट या दुसऱ्या घराण्यातला.

घरातल्या राउटरचा इतिहास टंचाईपासून सुरू होतो. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो आणि जुन्या पद्धतीत असे पत्ते होते सुमारे 429 कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर 1994 मध्ये तोडगा निघाला. बाहेरचा पत्ता एकच, आतल्या यंत्रांना खासगी क्रमांक. आतून कुणी काही मागवले की राउटर नोंद करतो आणि आलेले उत्तर त्या नोंदीप्रमाणे पोचवतो. न बोलावता आलेल्याची नोंदच नसते. तो उंबऱ्याबाहेर राहतो. पत्त्यांच्या काटकसरीतून अशी आयती भिंत उभी राहिली. फायरवॉल हा तिच्यावरचा पहारेकरी. कुणाला सोडायचे, कुणाला अडवायचे, हे तो नियमाने ठरवतो.

पण कधी बाहेरच्यालाही आत घ्यावे लागते. कचेरीत बसून घरचा कॅमेरा पाहायचा असतो. मग राउटरला सांगायचे, अमुक क्रमांकाच्या दारी येईल त्याला कॅमेऱ्याकडे पाठव. हेच पोर्ट फॉरवर्डिंग. दारांचे क्रमांक 65,535 पर्यंत जातात. गडाच्या बंद महादरवाजात छोटा दिंडी दरवाजा असतो, तसे हे दार. मात्र ते एकट्या मालकासाठी उघडत नाही. रस्त्याने जाणारा प्रत्येकजण ते ढकलून पाहू शकतो. 2016 मध्ये 'मिराई' या घातक प्रणालीने कारखान्यातलेच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि राउटर जगभर ताब्यात घेतले. त्या फौजेने 21 ऑक्टोबरला अमेरिकेतल्या 'डिन' कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटरसारखी संकेतस्थळे कित्येक तास अडखळली.

भिंतीची मर्यादा आपल्या न्हावा-शेव्यानेही पाहिली. 27 जून 2017 रोजी 'नॉटपेट्या'ने जगभरातल्या कंपन्यांचे संगणक निकामी केले. मर्स्क समूहाशी संबंधित 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' हे इथले टर्मिनलही त्यात ठप्प झाले. कोणता कंटेनर कुणाचा, हेच कळेना. हा विषाणू भिंत फोडून शिरला नव्हता. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीबरोबर तो राजरोस आत आला आणि मग आतल्या आत, संगणकामागून संगणक घेत पसरला. विश्वासाने आत घेतलेल्याला कुणी अडवले नाही.

आता आयपीची सहावी आवृत्ती रुळते आहे. तिच्यात पत्ते मुबलक आहेत, त्यामुळे टंचाईने दिलेला आडोसा उरणार नाही. उरेल तो पहारेकरीच. म्हणून मंडळी, एखाद्या सुटीच्या दिवशी राउटरची पाने उघडा. पासवर्ड बदला, कंपनीने दिलेली सुधारणा घ्या, आणि कोणती दारे कशासाठी उघडी आहेत ते पाहा. ज्याचे कारण सांगता येत नाही, ते दार बंद करा.