कातरलेल्या कडेची साक्ष

युरोपातील जुनी चांदीची नाणी जमवणारा आधी कड पाहतो. कड पूर्ण आणि अक्षरे शाबूत असतील तर किंमत चढते. कातरलेले नाणे बाजूला पडते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र हे बाजूला पडलेले नाणेच आधी उचलावे. सतराव्या शतकातील इंग्लंडचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे.

तेथे नाणी हातोड्याने पाडली जात. त्यांची गोलाई आणि जाडी सारखी नसे. त्यामुळे कडेची थोडी चांदी कातरून घेतली तरी नाणे पूर्ण किमतीला खपे. हा गुन्हा राजद्रोह ठरे आणि त्याला देहान्त शासन होते; तरी कात्री थांबली नाही. १६६२ नंतर यंत्रावर पाडलेली नाणी आली. मोठ्या नाण्यांच्या कडेवर ‘शोभा आणि संरक्षण’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे उमटली. पण ही भारी नाणी लोकांनी साठवली किंवा वितळवली, आणि बाजारात कातरलेलीच फिरत राहिली. १६९५ पर्यंत त्यांचे वजन मुळाच्या जवळपास निम्म्यावर आले होते.

नव्या नाण्यात चांदी कमी ठेवावी, असे अर्थखात्याचे सचिव विल्यम लाउंड्स यांनी सुचवले. जॉन लॉक यांनी विरोध केला. वजन घटवले तर प्रत्येक करारात सावकाराची फसवणूक होते, असे त्यांचे म्हणणे होते. लॉक यांचे मत मान्य झाले. १६९६ मध्ये जुनी नाणी वितळवून नवी पाडण्याचे काम सुरू झाले. त्याच वर्षी आयझॅक न्यूटन टांकसाळीत अधिकारी म्हणून रुजू झाले. लंडनखेरीज ब्रिस्टल, चेस्टर, एक्झिटर, नॉर्विच आणि यॉर्क येथे तात्पुरत्या टांकसाळी उघडल्या. राजाच्या मुखवट्याखालील त्यांची आद्याक्षरे जुळवून संच पुरा करणे हा आजही संग्राहकांचा आवडता छंद आहे.

पण या शुद्धीची किंमत कोणी मोजली? ठरावीक मुदतीपर्यंत कातरलेली नाणी सरकारी करात पूर्ण किमतीला स्वीकारली गेली. मोठा कर भरणारे त्यातून सुटले. ज्या मजुराला भरायला तेवढा करच नव्हता, त्याच्या हाती घटलेली चांदी उरली. खर्च भरून काढण्यासाठी घरांच्या खिडक्यांवर कर बसला. शिवाय परदेशात चांदीला अधिक भाव असल्याने नवी नाणीही वितळून बाहेर जात राहिली. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून चांदीचा ओघ आशियाकडे, आपल्या किनाऱ्यांकडेही, वाहत होताच.

संग्रहातील अखंड नाणे बहुधा व्यवहारातून लवकर बाजूला पडलेले असते. कातरलेले नाणे मात्र बाजारभर फिरलेले, माणसांच्या गरजा आणि लबाड्या पाहिलेले असते. संग्रहात त्यालाही एक खण असावा.